डॉ. निक रिव्हिएरा: आपण नक्की कोणाला हसतो?

रात्रपाळी
'द सिम्पसन्स' या अमेरिकन कार्टून मालिकेचा, घरातला बाप होमर याच्या बायपासचा भाग (डिसेंबर १९९२) काल परत पाहिला. होमरला हार्ट अटॅक येतो. डॉ. हिबर्ट ऑपरेशनचा खर्च ३० हजार डॉलर सांगतात. आकडा ऐकून त्याला तिथेच दुसरा झटका येतो, आणि खर्च होतो ४० हजार. विमा नाही. मग टीव्हीवर डॉ. निकची जाहिरात लागते: कुठलंही ऑपरेशन १२९ डॉलर ९५ सेंटमध्ये!

निकला काही येत नाही हे दिसतंच. पण हिबर्ट हुशार आहेत, पदवी खरी आहे, आणि होमरला त्यांचा काडीचा उपयोग नाही. माझ्या मते हा विनोद भोंदू डॉक्टरवर नाहीच, तो त्या ४० हजारांवर आहे. म्हणून निक मला कार्टूनमधला सगळ्यात खरा डॉक्टर वाटतो.

सिस्टर_तालुका
अजिबात पटलं नाही. मी सरकारी दवाखान्यात नर्स आहे. गेल्या महिन्यात एक आजी आल्या. गावातल्या बोगस डॉक्टरने कमरेत सुई दिली होती, त्या जागी लिंबाएवढी गाठ पिकलेली. हात लावला तर चटका बसावा इतकी गरम. चिरा देऊन पू काढला, रोज ड्रेसिंग केलं, तेरा दिवस. आजी शेवटपर्यंत म्हणत होत्या, "डाक्टर लई गुणाचा हाय, पैशाला थांबतो."

तुमच्या भागात होमर का वाचतो, ते बघा. होमरची मुलगी लिसा पुस्तकं वाचून आलेली असते आणि ऑपरेशन बघण्याच्या गॅलरीतून निकला काय करायचं ते सांगते. आठ वर्षांची पोर! लेखकांनी तिला तिथे उभं केलं नसतं तर हसायला काही उरलंच नसतं. अशा माणसाला गोड करून दाखवू नये.

रात्रपाळी
सिस्टर, आजींचं वाचून वाईट वाटलं. पण "पैशाला थांबतो" हेच तर मी म्हणतोय. आजी खुळ्या म्हणून तिकडे गेल्या नाहीत.

सिस्टर_तालुका
आमच्याकडे केसपेपर अगदी नाममात्र पैशांत निघतो, दादा. आजी पैशासाठी नाही गेल्या. तो घरी येतो, खाटेवर बसतो, नाव घेऊन बोलतो. निकसुद्धा आल्या आल्या सगळ्यांना हात करून नमस्कार घालतो आणि सगळे एका सुरात उत्तर देतात, आठवतंय ना? भोंदूचं अर्धं काम तिथेच होतं. हे मात्र त्या लेखकांनी अचूक पकडलंय, एवढं मान्य.

ओहायोचा_पाहुणा
तुम्ही दोघंही त्याच्या उच्चारांबद्दल बोलत नाही आहात. निकला आवाज देणाऱ्या हँक अझारियांनी तो आवाज 'आय लव्ह लूसी' या जुन्या मालिकेतल्या रिकी रिकार्डो या क्यूबन पात्राच्या नकलेतून काढला. म्हणजे बोगस डॉक्टर कोण, तर परक्या उच्चारांचा. याच मालिकेतल्या अपू या भारतीय दुकानदाराचा आवाजही त्यांचाच होता. त्यावरून टीका झाली आणि २०२० मध्ये त्यांनी अपू सोडला. निकबद्दल तेवढं कोणी बोललं नाही.

माझं एमबीबीएस महाराष्ट्रातलं. इथे अमेरिकेत येऊन परीक्षा परत दिल्या, रेसिडेन्सी परत केली. तरी पहिल्या वर्षी एका पेशंटने माझी दोन वाक्यं ऐकली आणि शांतपणे विचारलं, "खरे डॉक्टर कधी येतील?" मला निक बघून हसू येत नाही.

रात्रपाळी
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याची पदवी 'हॉलिवूड अपस्टेअर्स मेडिकल कॉलेज'ची, म्हणजे चेष्टा अमेरिकेतल्याच दुकानदारीची आहे, असं मी धरून चाललो होतो. उच्चार कानावर पडत होते, पण खटकले नाहीत. ४० हजारांचा मुद्दा मी सोडत नाही, पण 'सगळ्यात खरा डॉक्टर' हे शब्द मागे घेतो.

सिस्टर_तालुका
डॉक्टर, त्या पेशंटला तुम्ही काय उत्तर दिलंत?

ओहायोचा_पाहुणा
"मीच आहे," म्हटलं आणि त्यांचं बीपी घेतलं. १८० च्या वर होतं. दोन दिवस तेच माझे पेशंट होते.