मदत हवी आहे: दुर्बिणीच्या आरशाची कड बसली, वर कशी आणू?

परळकर
दुर्बिणीचा आरसा घरीच घासतोय, पॉलिश सुरू करून तीन आठवडे झाले. मधला भाग झकास झालाय, पण कड बसली आहे (काठाची काच जास्त घासून खाली गेली) आणि दर रविवारी आणखी बसते. स्ट्रोक (आरसा पुढे-मागे सरकवणं) पुस्तकात दिलाय तसाच मारतोय. पाऊस लागायच्या आत आटपायचं आहे, त्यामुळे कृपया 'धीर धरा' सोडून काहीही सांगा.

मुलुंडचा दुर्बीणवाला
किती इंची आरसा? फोकल लेंथ? पिच (लॅपवरचा, म्हणजे घासायच्या तबकडीवरचा डांबरासारखा थर) कुठलं? कड बसली हे कळलं कसं?

परळकर
अहो सहा इंचीच, एफ ८ (फोकल लेंथ व्यासाच्या आठपट). ब्लेड लावून बघतो, फुकोच्या पद्धतीने (आरशावरून परतणारा प्रकाश ब्लेडने अडवून सावली बघायची). २४४ सेंमी अंतर लागतं, तेवढ्यात आमची खोली संपते. आरसा खिडकीत आणि मी दाराच्या उंबऱ्यावर, शेजारचे माझ्यावरून ओलांडून जातात. पॉलिशला सिरियमची पावडर वापरतो. पिच आपलं नेहमीचंच.

मुलुंडचा दुर्बीणवाला
'नेहमीचं' म्हणजे?

कल्याण स्लो
मुंबईत तारे दिसतात कुठे? एवढा घाम गाळण्यापेक्षा तयार दुर्बीण घ्या आणि अमावास्येला वांगणीला चला. आमच्या ग्रुपने परवाच

कल्याण स्लो
(अर्धवट गेलं.) परवाच शनीची कडी पाहिली.

परळकर
शनी आणि चंद्र परळच्या गच्चीवरूनही दिसतात. प्रश्न कडेचा आहे.

लाल पावडर
सिरियम सोडा, रूज (पॉलिशची लाल पावडर) घ्या. वेळ जास्त लागतो, हात लाल होतात, पण पृष्ठभाग लोण्यासारखा गुळगुळीत येतो. मी आठ इंची रूजवरच केला.

मुलुंडचा दुर्बीणवाला
@लाल पावडर, बसलेल्या कडेचा पावडरीशी काय संबंध? पिच मऊ असलं, स्ट्रोक लांब पडला किंवा कडेवर हाताचा भार आला की हे होतं. परळकर, पिच कुठून आणलं ते सांगणार का?

परळकर
गच्चीचं वॉटरप्रूफिंग चालू होतं, त्यांच्याकडून डांबर घेतलं. त्यात थोडं मेण घातलं, छान पसरलं. सकाळी त्या थरात खाचा पाडतो, रात्रीपर्यंत बुजतात. हे नॉर्मल आहे ना?

मुलुंडचा दुर्बीणवाला
सापडलं!! आणि हे तुम्ही इतक्या प्रतिसादांनंतर सांगताय.

राळवाले काका
खाचा एका दिवसात बुजतात म्हणजे पिच वाहतंय. तुमचं पुस्तक थंड देशातलं असणार, तिथल्या खोलीत २० अंश. आपल्याकडे मे महिन्यात ३३. मऊ पिच आरशाच्या कडेला गुंडाळून घेतं आणि कड खात सुटतं. त्यात मेण घातलंत म्हणजे आगीत तेल. डांबर चालेल, पण राळ हवी. मंद आचेवर वितळवा (भडका उडतो, झाकण हाताशी ठेवा), राळ थोडी थोडी घाला आणि दर वेळी एक थेंब खोलीच्याच तापमानाच्या पाण्यात टाका. गार झाला की नख दाबून धरा. लगेच रुतलं तर राळ कमी. काही सेकंदांनी जेमतेम खूण उमटली तर बरोबर. टिचकीने काचेसारखं तुटलं तर राळ जास्त, दोन थेंब टर्पेंटाइन.

लाल पावडर
डांबराने ओरखडे पडतात. खास ऑप्टिकल पिच मागवा.

राळवाले काका
ओरखडे वाळूच्या कणाने पडतात, डांबराने नव्हे. गाळून घेतलं की झालं. माझे तीन आरसे डांबरावरचेच आहेत.

टेबलटॉप
प्लीज कोणी सांगेल का, कॅमेऱ्याच्या लेन्समध्ये बुरशी आली आहे, सिरियमने जाईल का?

मुलुंडचा दुर्बीणवाला
@टेबलटॉप, अजिबात नको! कोटिंग जाईल. नवा धागा काढा.
@परळकर, एक गोष्ट समजून घ्या. कड 'वर येत' नाही. बाकीची काच तेवढी खाली न्यावी लागते. म्हणून कडक पिच, आखूड स्ट्रोक, आणि पॉलिश झाल्यावर दोन-तीन तास आरसा तसाच ठेवून मग ब्लेड. हाताच्या उबेनेसुद्धा काच फुगते, आणि इथे हिशेब मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहून कमी आहे.

परळकर
एक विसरलो. ज्या पिंपावर लॅप ठेवून घासतो ते गॅलरीत आहे, दुपारी ऊन येतं. शेजारी आईच्या लोणच्याच्या बरण्या मुरायला ठेवल्यात.

राळवाले काका
लोणचं उन्हात राहू दे. लॅप आत घ्या.

परळकर (दोन रविवारांनंतर)
राळ घातली. पहिल्यांदा जास्त झाली, लॅपचा कोपरा टिचला, परत ओतला. आता खाचा चार दिवस टिकतात आणि आरसा सरकताना ओढ लागते, पूर्वी नुसता घसरायचा. बसलेली पट्टी ८ मिमी होती, ३ वर आली. पुढे हलत नाही. आभाळ भरून आलंय.

मुलुंडचा दुर्बीणवाला
कडेवर ३ मिमीची काळी कागदी रिंग लावा. प्रकाश ८ टक्के घटेल, शनीला पत्ता लागणार नाही.

लाल पावडर
रिंग म्हणजे पळवाट. शेवटचे दोन तास रूज मारून बघा.

परळकर
कागद कापतोय.