मदत हवी आहे: बाळांच्या बॅटरीवरच्या खेळण्याला कोणतं प्लास्टिक?

खाडीकाठ
दिवे आणि आवाजाचं खेळणं आहे. बॉडी इथेच रत्नागिरीत मोल्ड करून घेतो. स्क्रूजवळ तडे जातायत, म्हणून प्लास्टिक बदलायचं ठरवलंय. पीपी (पॉलिप्रॉपिलीन) घेऊ की पॉलिकार्बोनेट? गणपतीआधी माल द्यायचाय, लवकर सांगा.

कुडाळचो
आता कसला प्लास्टिक वापरतस, ता सांग आधी. पोरांचा वय किती? सेल कसले?

डायमेकर
पॉलिकार्बोनेटच्या वाटेला जाऊ नका. १२० अंशांवर चार तास सुकवावं लागतं, आणि कोकणातल्या पावसात जरा कमी सुकलं तरी माल ठिसूळ. सरळ पीपी घ्या. इम्पॅक्ट कोपॉलिमर म्हणजे धक्का सोसणारा प्रकार मागा, साधा होमोपॉलिमर नको. ओलावा शोषत नाही, तेलातुपाच्या हातांनी बिघडत नाही.

सुरंगी
आणि साचा एबीएसचा, म्हणजे खेळण्यांच्या नेहमीच्या कडक प्लास्टिकचा, असेल तर? थंड होताना एबीएस साधारण अर्धा टक्का आकसतं, पीपी दीड टक्का किंवा जास्त. १२० मिमीच्या बॉडीत एक मिमीहून जास्त फरक पडला, की स्पीकर आणि पीसीबी (सर्किटची पाटी) बसायचे नाहीत. पीपीवर छपाईही टिकत नाही, आधी पृष्ठभागावर ज्योत फिरवावी लागते.

खाडीकाठ
साचा एबीएसचाच आहे. खेळणं एक वर्षापासून पुढच्या मुलांसाठी. तीन ट्रिपल ए सेल. प्लास्टिकचा दाणा काळा, मोल्डर देईल तो.

सुरंगी
मोल्डर देईल तो काळा दाणा एक वर्षाच्या बाळाच्या तोंडात जाता कामा नये. काळ्या रिप्रोमध्ये, म्हणजे भंगार वितळवून केलेल्या दाण्यात, जुन्या टीव्हीच्या आणि संगणकाच्या कॅबिनेटचा चुरा असू शकतो, म्हणजे ब्रोमिनवाली अग्निरोधकं आणि जड धातू. शिवाय पुन्हापुन्हा वितळलेल्या एबीएसमधलं रबर मरतं, धक्का सोसण्याची ताकद जाते. व्हर्जिन, म्हणजे कोऱ्या दाण्याची पिशवी समोर फोडून घ्या. मास्टरबॅचचा, म्हणजे त्यात मिसळायच्या रंगाच्या दाण्याचा, चाचणी अहवालही मागा.

कुडाळचो
तडो स्क्रू पिळताना जाता की नंतर?

खाडीकाठ
पिळताना नाही. दोन-तीन आठवड्यांनी दिसतो.

सुरंगी
मग ताण आतमध्ये साठलेला आहे. बॉसवर, म्हणजे स्क्रू बसतो त्या पोकळ खांबावर, स्क्रूचा दाब कायम असतो, त्यावर मालिशच्या खोबरेल तेलाचे हात लागले की एबीएस तिथेच फुटतं. एका खेळण्याच्या बॉसला स्क्रू लावून तेल चोळा आणि ठेवून द्या. लवकर तडा गेला तर कारण हेच. एबीएस ८० अंशांवर तीन-चार तास सुकवायला सांगा. न सुकवलेल्या दाण्यातून निघालेल्या बॉडीवर चंदेरी रेघा येतात, त्या बघा.

डायमेकर
म्हणून तर पीपी म्हणतोय. तेलाची भानगडच नाही.

सुरंगी
या साच्यात नाही. पुढचा साचा काढाल तेव्हा पीपी जरूर.

वेंगुर्लेकर
प्लास्टिकच कशाला? सावंतवाडीत लाकडी खेळणी बनतात, पांगाऱ्याचं लाकूड हलकं असतं.

कुडाळचो
त्याका दिवे आणि आवाज कसो लावतलास? विचारल्यान काय, सांगतस काय!

मापटं
आयएसआय मार्क आहे का? खेळण्यांचा गुणवत्ता नियंत्रण आदेश २०२० चा, १ जानेवारी २०२१ पासून लागू. विजेवर चालणाऱ्या खेळण्यांना आयएस १५६४४, शिवाय आयएस ९८७३ चे भाग लागतात. दीड वर्षापर्यंतच्या मुलांच्या खेळण्याला १३८ सेंमीवरून दहा वेळा आपटतात. तुकडा निघून ३१.७ मिमी व्यासाच्या नळकांड्यात मावला, तर नापास. तुमचा तडा गेलेला बॉस नेमका तिथे पडेल. सेलचं झाकण स्क्रूने बंद करा. स्प्रिंगा निकेल प्लेटिंगच्या घ्या, खाऱ्या हवेत साध्या गंजतात.

कुडाळचो
बॉसचा भोक मोजलंस? स्क्रू केवढो?

खाडीकाठ
स्क्रू ३ मिमी. भोक २.१, बाहेरचा व्यास ५.

डायमेकर
हे आधी सांगायला हवं होतं. भोक २.४ हवं आणि बाहेरून ६ मिमी. आधी कोअर पिन (साच्यातली भोक पाडणारी पिन) २.४ ची करा, ते काम लवकर होतं. पण त्याने बॉसची भिंत आणखी पातळ होईल, तेव्हा बाहेरचा व्यास ६ ला न्यायचं कामही साच्यात करून घ्या, मुळाशी अर्धा मिमी गोलाई ठेवून. स्क्रू ठरावीक जोराला सुटणाऱ्या क्लचवाल्या ड्रायव्हरने लावा, मनगटाच्या अंदाजाने नको. मग तेलाची चाचणी पुन्हा करा.

खाडीकाठ
पिन उद्याच करायला देतो. व्हर्जिन दाण्यात रनरचा (साच्याच्या वाटांत उरलेल्या प्लास्टिकचा) चुरा किती टक्के चालेल?

सुरंगी
या खेळण्याला शून्य ठेवा.