एफटीपीची सोय बंद करावी का?

रातवा: आम्ही दोघं मिळून फायली साठवण्याची एक छोटी सेवा चालवतो. एफटीपीने, म्हणजे नेटवरून फायली पाठवायच्या जुन्या पद्धतीने, फायली चढवायची सोय पहिल्यापासून आहे. गेल्या तीन महिन्यांचे लॉग (सर्व्हरवरच्या वापराच्या नोंदी) पाहिले, तर ती वापरणारी खाती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. क्रोम आणि फायरफॉक्सने एफटीपी २०२१ मध्येच काढून टाकलं. माझं मत, बंद करावं.

कोरा_कागद: असहमत. ब्राउझरमधून फायली चढवत कोण होतं? तुमच्याकडे एफटीपीने येणारी बहुतेक यंत्रं असणार. स्कॅनर, कॅमेरे, रात्री बॅकअप पाठवणारी एखादी स्क्रिप्ट. एकदा लावून दिलं की मालकही विसरतो. यंत्र तुमची ईमेल वाचणार नाही. शिवाय वर्षातून एकदाच फायली पाठवणारा माणूस तीन महिन्यांच्या लॉगमध्ये दिसेल कसा?

पाणवठा: बंदच करा. साध्या एफटीपीत पासवर्ड उघडा जातो, हे सगळे सांगतात. त्याहून वाईट गोष्ट अशी की त्यात दुसऱ्या टप्प्याचा कोड विचारायला धड जागाच नाही. म्हणजे ज्याने दोन टप्प्यांचं लॉगिन चालू केलंय, त्याच्याही खात्याला हे मागचं दार उघडंच. मोजक्या लोकांच्या सोयीसाठी सगळ्यांनी हा धोका का पत्करायचा?

कोरा_कागद: @पाणवठा, हा मुद्दा मान्य. पण मग एफटीपीला वेगळा पासवर्ड द्या, एकाच फोल्डरपुरता. एसएफटीपीवर (सगळं सांकेतिक करून पाठवणाऱ्या सुरक्षित पद्धतीवर) जा म्हणणं सोपं आहे, जुन्या स्कॅनरला ते येतच नाही.

तिठा: आधी एक दिवस बंद ठेवून बघा. गिटहब या प्रोग्रामचा कोड साठवणाऱ्या सेवेने एन्क्रिप्शन नसलेला, म्हणजे सगळं उघडं पाठवणारा, गिट प्रोटोकॉल असाच काढला: ११ जानेवारी २०२२ ला तात्पुरता बंद, १५ मार्चला कायमचा. ज्याचं काम अडतं तो स्वतःहून लिहितो.

कोरा_कागद: @तिठा, आणि त्या दिवशी ज्याचा बॅकअप चुकला त्याचं काय? छोट्या सेवेवर लोक आपली माणसं समजून विश्वास टाकतात. आधी प्रत्येकाला नावानिशी लिहा, मग प्रयोग करा.

रातवा: काल वर्षभराचे लॉग काढले. आणखी दोन खाती निघाली, दोन्ही वर्षातून एकदाच येणारी. @कोरा_कागद, तुमचं बरोबर होतं. नव्या खात्यांना एफटीपी आजपासून बंद केलंय. जुन्यांना एकेकाला लिहितोय. त्यांची उत्तरं आल्याशिवाय बंद करायची तारीख ठरवणार नाही.

पाणवठा: तोवर निदान वेगळा पासवर्ड तरी लावा. आजच.