मदत हवी आहे: पासिंग संपत आलेली २०११ची ऑटोमॅटिक अकॉर्ड घ्यावी का?

नमस्कार मंडळी,

डाव्या गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन होऊन सात महिने झाले. डॉक्टरांनी गाडी चालवायला परवानगी दिली आहे, पण क्लचवर सतत पाय नको असं बजावलंय. आमची जुनी हॅचबॅक मॅन्युअल आहे. शाळा घरापासून १८ किलोमीटर, शिवाय महिन्यातून दोनदा बाबांना तपासणीसाठी साताऱ्याहून पुण्याला न्यावं लागतं. ऑटोमॅटिक घेणं आता भागच आहे.

सगळं धरून बजेट साडेचार लाख. एवढ्यात छोट्या ऑटोमॅटिक गाड्या मिळतात, त्यातल्या तीन चालवून पाहिल्या. दोन एएमटी होत्या, म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच आणि गिअर यंत्र आपोआप बदलतं. चढावर गिअर बदलताना गाडी क्षणभर दम खाते आणि मागे बसलेल्या माणसाची मान हिंदकळते. बाबांना मानेचा स्पॉन्डिलायटिस आहे, त्यामुळे त्या बाद.

मग ओळखीतून ही गाडी समोर आली. पुण्यातले एक निवृत्त डॉक्टर त्यांची होंडा अकॉर्ड विकताहेत. २.४ लिटर पेट्रोल, पाच गिअरची ऑटोमॅटिक, पहिलेच मालक, ७१,००० किलोमीटर. रजिस्ट्रेशन ऑगस्ट २०११चं, म्हणजे पंधरा वर्षांचं पासिंग संपायला जेमतेम तीन महिने. सव्वातीन लाख म्हणतात.

२०१९पर्यंतची सर्व्हिसची फाइल नीट आहे. त्यानंतरचं काम घराजवळच्या गॅरेजात, बिलं नाहीत. गिअरबॉक्सचं ऑइल बदलल्याची नोंद एकदाच सापडली, ४०,००० किलोमीटरला. गेली दोन वर्षं गाडी आठवड्यातून एखाददा बाहेर निघते.

एक गोष्ट लपवत नाही. बाबा २६ वर्षं एका कंपनीत साहेबांच्या गाडीवर ड्रायव्हर होते. शेवटची सहा वर्षं त्यांच्या हातात अकॉर्डच होती, याच्या आधीचं मॉडेल. त्या गाडीच्या मागच्या सीटवर ते कधीच बसले नाहीत. त्यांना तिथे बसवून पुण्याला न्यावं असं मला फार वाटतं. पण त्या वाटण्यापायी चुकीची गाडी गळ्यात पडायला नको, म्हणून विचारतेय.

मला खरी भीती गिअरबॉक्सची आहे. रविवारी गाडी बघायला जाणार आहे, तर तो चांगला आहे की नाही हे तासाभरात कसं ओळखायचं? साताऱ्यातले मिस्त्री म्हणतात, "जुन्या ऑटोमॅटिकचं ऑइल बदलूच नका, बदललं की गिअर सुटतात." हे खरं का? आणि पासिंगचं काय करायचं? जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

— कृष्णाकाठची

गोदाकाठ:

ताई, हेच मॉडेल, २००९चं, माझ्याकडे आठ वर्षांपासून आहे. १,४२,००० झालेत, गिअरबॉक्स अजून उघडलेला नाही. तेव्हा गाडी घेण्यासारखी आहे, फक्त हीच गाडी तशी आहे का ते बघायचं.

डॉक्टरांना आदल्या दिवशी फोन करून सांगा, आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा, थंडगार हवं. मग बाबांना बॉनेटजवळ उभं करून गाडी सुरू करा. पहिली एक-दोन सेकंद लोखंडी खरखर ऐकू आली, तर तो व्हीटीसी अ‍ॅक्च्युएटर. व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ पुढेमागे करणारा तो पार्ट, या इंजिनाचं हे जुनं दुखणं आहे. गाडी त्याने बंद पडत नाही, पण पार्ट आणि मजुरी मिळून खर्च पाच आकडी होतो. तेवढी किंमत उतरवून मागा. टायमिंगला साखळी आहे, बेल्ट नाही, त्यामुळे तो बदलायचा खर्च नाही.

ब्रेक दाबून आर (रिव्हर्स) टाका, मग डी (ड्राइव्ह). गिअर लागायला सेकंदभर ठीक. दोन सेकंद लागले, किंवा लागताना मागून कुणी धक्का दिल्यासारखं वाटलं, तर सावध व्हा. अंगभर थरथर येत असेल आणि एन (न्यूट्रल) ला टाकल्यावर थांबत असेल, तर तो बहुधा गिअरबॉक्सचा दोष नसतो, इंजिनाची फाउंडेशन (त्याखालचे रबर) बसलेली असतात.

मग गाडी हायवेला काढा. पन्नास ते सत्तरच्या मध्ये ॲक्सिलरेटर अगदी हलका धरून ठेवा. रंबल स्ट्रिपवरून गेल्यासारखी बारीक थरथर आली, तर टॉर्क कन्व्हर्टरचा (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या भागाचा) लॉक-अप क्लच कुरकुरतोय. चढावर पाय स्थिर ठेवा आणि आरपीएमचा काटा बघा. काटा चढतोय पण गाडी वेग घेत नाही, असं दिसलं तर गाडी तिथेच सोडून एसटीने घरी या.

परत आल्यावर ऑइल. या मॉडेलच्या गिअरबॉक्सला ऑइलची पातळी बघायची वेगळी डिपस्टिक आहे. गाडी पूर्ण गरम, जागा सपाट, इंजिन बंद केल्यावर मिनिट-दीड मिनिटाच्या आत पातळी बघायची. पांढऱ्या कागदावर थेंब टाका. लालसर असेल तर उत्तम. तपकिरी चालेल. काळं आणि करपल्याचा वास असेल तर नको.

राहुल_घाटमाथा:

मी विरोधात लिहितो, राग नसावा. पंधरा वर्षांची, जवळजवळ पाच मीटर लांबीची गाडी रोज शाळेला न्यायला कशासाठी? गावात आठ-नऊच्या वर ॲव्हरेज मिळणार नाही. इंजिन १५०० सीसीच्या वरचं, त्यामुळे थर्ड पार्टी विम्याचा हप्ताही सगळ्यात वरच्या गटातला. डॉक्टरांचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) त्यांच्याकडेच राहतो, तो गाडीबरोबर तुमच्याकडे येत नाही. शिवाय आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. त्यासाठीच बनवलेल्या गाड्या २०२३पासून आल्या. हिचे रबरी पाइप आणि सील त्या आधीचे, आणि ही तर आठवडाभर उभीच असते.

घ्यायचीच ठरली, तर किमान एक लाख वेगळे बाजूला ठेवा आणि ते गाडीच्या किमतीतच धरा. पहिल्या वर्षात ते जाणारच.

पान्हा_दहा_बारा:

माझं गॅरेज आहे, ऑटोमॅटिकचंच काम करतो. ताई, मिस्त्री म्हणतात ते गिऱ्हाइकांच्या अनुभवातून आलंय, पण कारण उलटं आहे. लोक ऑइल कधीच बदलत नाहीत. गिअर सुटायला लागला की मग धावत येतात. आतल्या क्लच प्लेट तोवर झिजलेल्या असतात आणि नाव नव्या ऑइलचं होतं. जो गिअरबॉक्स आज चांगला चालतोय, त्याचं ऑइल जरूर बदला.

पण मशीन लावून दाबाने फ्लश करू देऊ नका, तळाची घाण उठून व्हॉल्व्हमध्ये अडकते. या गिअरबॉक्सला खाली पॅन नाही, नुसता ड्रेन बोल्ट आहे. त्यातून एका वेळी अडीच-तीन लिटरच निघतं, आत एकूण साधारण साडेसहा लिटर असतं. म्हणजे एकदा बदलून निम्म्याहून जास्त जुनंच राहतं. एकदा बदला, पाचशे-सातशे किलोमीटर चालवा, पुन्हा बदला, असं तीनदा. बोल्टच्या टोकाला चुंबक असतो. त्यावर राखाडी मऊ मेण चालतं, लोखंडाचे कपचे नकोत. वॉशर दरवेळी नवा.

ऑइल होंडाचं डीडब्ल्यू-१च. पूर्वी झेड-१ होतं, त्याच्या जागी हे आलं. होंडाच्या या गिअरबॉक्सची रचना इतरांपेक्षा वेगळी आहे, मॅन्युअलसारखे समांतर शाफ्ट आणि प्रत्येक गिअरला आपला क्लच. "सगळ्या गाड्यांना चालतं" म्हणून कुणी काही भरू लागला तर नको म्हणा.

गोदाकाठ:

वरच्या शेवटच्या ओळीला माझा अनुभव जोडतो. एका गॅरेजने माझ्या गाडीत तसलंच ऑइल भरलं आणि दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला झटके सुरू झाले. डीडब्ल्यू-१ तीनदा घातल्यावर थांबले.

माईण_मुळा:

पासिंगबद्दल लिहिते, मागच्या वर्षी आमच्या गाडीचं केलंय. पंधरा वर्षांनंतर फॉर्म २५ भरून नूतनीकरण करता येतं, गाडी आरटीओत दाखवावी लागते, पुढे पाच वर्षं मिळतात. कारसाठी फी ५,००० रुपये, शिवाय पर्यावरण कर. मुदत संपायच्या ६० दिवस आधी अर्ज करता येतो. तोवर फॉर्म २९ आणि ३० भरून गाडी तुमच्या नावावर होऊ द्या. एमपरिवाहन या सरकारी ॲपवर जुने चलान आणि कर्जाचा बोजा बघा. एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर पाट्या बसवल्यात का तेही बघा, नाहीतर आरटीओतलं काम अडेल.

आणि कुणी लिहिलं नाही म्हणून: तकाता कंपनीच्या एअरबॅग! त्या काळातल्या होंडाच्या बऱ्याच गाड्या, अकॉर्डसुद्धा, या रिकॉलमध्ये, म्हणजे सदोष भाग बदलायला कंपनीने परत बोलावलेल्या गाड्यांत, आहेत. उष्ण, दमट हवेत वर्षानुवर्षं राहून एअरबॅग फुगवणारा इन्फ्लेटर कमजोर होतो आणि एअरबॅग उघडताना त्याच्या धातूचे तुकडे चालवणाऱ्याला लागू शकतात. यात जगभर माणसं गेली आहेत. होंडाच्या साइटवर गाडीचा सतरा अक्षरी चॅसिस नंबर टाकला की काम बाकी आहे का ते कळतं. बदलून फुकट मिळतं. ताई, गिअरबॉक्सच्या आधी हे बघा.

कृष्णाकाठची:

काल जाऊन आले. सगळ्यांचे मनापासून आभार, प्रिंट काढून नेली होती.

बॉनेट थंड होतं. सुरू करताना खरखर आली. बाबांनी माझ्या आधी मान डोलावली. आर आणि डी सेकंदाच्या आत लागले, धक्का नाही. डॉक्टर स्वतः बरोबर आले आणि खंबाटकीपर्यंत जाऊ दिलं. घाटात काटा अगदी स्थिर, लॉक-अपची थरथर नाही. ऑइल तपकिरी निघालं, करपल्याचा वास नाही. गाडीच्या कॉम्प्युटरला जोडलेल्या स्कॅनरमध्ये बिघाडाचे कोड नव्हते, आणि ते नुकतेच पुसलेलेही नव्हते. मीटरमधला डी चा दिवा (गिअरबॉक्समध्ये बिघाड असला की लुकलुकतो तो) कुठेही लुकलुकला नाही.

वाईट बाजू: पुढच्या उजव्या लोअर आर्मचा बुश (चाकाच्या जोडातलं रबर) फाटलाय, पॉवर स्टीअरिंग वळवताना कण्हतं, चारही टायर २०१७चे आहेत. आणि माईणताई, तुमच्यामुळे कळलं, ड्रायव्हरच्या बाजूची एअरबॅग बदलायची बाकी दाखवतेय. डॉक्टरांना याचा पत्ताच नव्हता. ते हादरले. ते काम झाल्याशिवाय गाडी देत नाही, असं स्वतःहून म्हणाले. किंमत दोन लाख ऐंशी हजारांवर आली. राहुलदादा, एक लाख बाजूला ठेवलेत.

येताना बाबा मागे बसले होते. घाट उतरेपर्यंत गप्प होते, मग म्हणाले, साहेब मागे झोपायचे ते आता कळलं.

आता एकच विचारते. एअरबॅगचं काम झालं की गाडी साताऱ्याला आणायची आहे. गिअरबॉक्सचं ऑइल पुण्यातच बदलून निघू की इथे येऊन?

पान्हा_दहा_बारा:

ऑइल साताऱ्यात येऊन बदला, एवढ्या अंतराने काही होत नाही. टायर मात्र पुण्यातच. इतक्या जुन्या टायरवर बाबांना घेऊन हायवेला लागू नका. बुश त्याच दिवशी करा आणि नंतरच चाकांची अलाइनमेंट, नाहीतर ते पैसे दोनदा जातील.