अमेरिकेत शिक्षकांनी वर्गापुरतं स्पॅनिश शिकावं का?

गणितवाली_ह्यूस्टन: मी इथे पब्लिक स्कूलला पाचवीला गणित शिकवते. निम्म्या वर्गाच्या घरी स्पॅनिश, त्यातली काही होंडुरास, व्हेनेझुएलाहून नुकतीच आलेली. टेक्सासमध्ये स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे एका भागातल्या सगळ्या सरकारी शाळांच्या मिळून, एका इयत्तेत एकाच भाषेची 20 इंग्रजी शिकणारी मुलं झाली की द्विभाषिक वर्ग चालवावा लागतो, कायदाच आहे, पण तसे शिक्षक मिळत नाहीत आणि मुलं येतात आमच्याकडे. माझं स्पष्ट मत आहे की प्रत्येक शिक्षकाला बस, पुस्तक उघड, कुठे दुखतंय, समजलं का एवढं तरी स्पॅनिशमध्ये बोलता आलंच पाहिजे.

जर्सीकर: नाही पटलं. आधीच पेपर तपासणं, मीटिंगा, टेस्टची तयारी, त्यात आता हे पण? आणि ह्यूस्टनला व्हिएतनामी, अरबी बोलणारी मुलंही आहेत की, त्यांचं काय? आमची मुलगी नुसती मराठी बोलत किंडरगार्टनला गेली, वर्षभरात फाडफाड इंग्रजी बोलायला लागली.

गणितवाली_ह्यूस्टन: अहो, पाच वर्षांचं पोर आणि दहा वर्षांचं पोर यात फरक आहे ना, दहाव्या वर्षी भाषा येईपर्यंत अपूर्णांक, दशांश सगळं मागे पडतं. व्हेनेझुएलात साडेतीन म्हणजे 3,5 लिहितात, स्वल्पविराम देऊन, आणि साडेबाराशे 1.250 असे. मुलाचं गणित बरोबर असतं, पण बाईला त्याच्याशी दोन शब्द बोलता येत नसतील तर ते चूक म्हणून कापलं जातं. 1974 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या चिनी मुलांच्या केसमध्ये, लाऊ विरुद्ध निकोल्स, सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की भाषाच कळत नसेल तर तेच पुस्तक नि तेच शिक्षक देणं म्हणजे समान वागणूक नव्हे.

बे_एरियाची_आई: पण ताई, त्या निकालाने जबाबदारी शाळांवर टाकली, तुमच्या एकटीवर नाही. मला भीती वेगळीच वाटते, तुम्हाला थोडं येतं म्हटल्यावर ऑफिस इंटरप्रिटर बोलवणं बंद करेल. पालकांशी मुलाच्या स्पेशल एज्युकेशनबद्दल बोलताना तोडकंमोडकं स्पॅनिश अजिबात चालणार नाही, तिथे ट्रेन्ड माणूसच पाहिजे. शिवाय ग्वाटेमालाहून आलेली कितीतरी मुलं घरी माम किंवा किचे बोलतात, स्पॅनिश त्यांनाही दुसरीच भाषा.

धडगाव_गुरुजी: आमच्या पहिलीत पोरं पावरीच बोलतात, ती इथली आदिवासी बोली. मी कामापुरती शिकलो, त्यानंतरच पोरं तोंड उघडायला लागली. शिकवतो मराठीच.

जर्सीकर: गुरुजी, तुमच्याबद्दल आदर आहे, पण तुमच्याकडे सगळा वर्ग एका भाषेचा. इथे करायचंच असेल तर ऑगस्टमधल्या ट्रेनिंगमध्ये पगारी वेळ द्या, शिक्षकांचे शनिवार-रविवार खाऊ नका.

गणितवाली_ह्यूस्टन: पगारी वेळ मिळायलाच हवा, त्यासाठी मी पण भांडेन. आणि इंटरप्रिटर काढायला निघाले तर त्यासाठीही. पण डिस्ट्रिक्टचा निर्णय होईपर्यंत यंदाची पाचवी सहावीत गेलेली असेल, म्हणून मी आतापासूनच शिकतेय.

जर्सीकर: तुम्ही जरूर शिका. सक्तीला माझा विरोध कायम आहे.