वडिलांची चाल बदलली आहे, पार्किन्सन्सच असेल का?

सायली_स:
वडील ७२ वर्षांचे आहेत. वर्षभरात चाल खूप मंदावली. पावलं छोटी पडतात, घासत चालतात. खुर्चीतून उठल्यावर पहिलं पाऊल उचलायलाच वेळ लागतो, "पाय फरशीला चिकटल्यासारखे वाटतात" म्हणतात. वळताना दोनदा तोल गेला. हात थरथरत नाहीत. जो येतो तो पार्किन्सन्स म्हणून मोकळा होतो. न्यूरॉलॉजिस्टची वेळ पुढच्या आठवड्यात मिळाली आहे. तोवर घरी काय बघून ठेवू?

वाटाड्या:
कंप नाही म्हणून पार्किन्सन्स नाही, असं धरून चालू नका. काहींना कंप होतच नाही. आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी सोबत न्या. उलटीवरचं मेटोक्लोप्रामाइड, चक्करवरचं सिनारिझिन किंवा फ्लुनारिझिन, मानसिक आजारांवरची काही औषधं, यांनीही हुबेहूब अशी चाल होऊ शकते. मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुठलीही गोळी बंद करू नका.

नीता_फिजिओ:
सायलीताई, मी न्यूरो फिजिओथेरपिस्ट आहे. दिवसभर माणसांची चाल बघणं हेच माझं काम. निदान डॉक्टर करतील, पण तुम्ही जे टिपून न्याल त्याचा त्यांना फार उपयोग होईल.

सगळ्यांची नजर पायांवर खिळते. मी आधी हात बघते. पार्किन्सन्समध्ये चालताना हाताचा झोका कमी होतो, आणि बहुतेक वेळा सुरुवात एका बाजूने होते: उजवा हात अंगाशी धरलेला, डावा मात्र नेहमीसारखा हलतोय. पाठ पुढे वाकलेली, पावलं जवळजवळ. मग वळणं बघा. एरवी माणूस मागे वळताना आधी मान फिरवतो, मागोमाग खांदे, आणि दोन-तीन पावलांत वळून होतं. पार्किन्सन्समध्ये डोक्यापासून पायापर्यंत सगळं अंग एकदम फिरतं, बारीक बारीक पावलं टाकत. अंगठा आणि तर्जनी भराभर टेकवायला सांगा. बोटं सुरुवातीला नीट उघडतात आणि मग अंतर कमी कमी होत जातं का, ते दोन्ही हातांचं वेगवेगळं बघा.

मोबाइलवर व्हिडिओ घ्या. खुर्चीतून उठणं, चालत जाणं, वळून परत येणं, बसणं, सगळं एका दमात. पाय आणि हात दोन्ही दिसू देत. तपासणीच्या खोलीत पुष्कळ जण सरळ, नीट चालून दाखवतात; घरच्या दारातून आत येताना अडकतात ते तिथे दिसतच नाही. कुणीतरी शेजारी उभं राहा, व्हिडिओपायी पडायला नकोत.

आणि एक विचारते. चालताना डाव्या आणि उजव्या पावलामध्ये आडवं अंतर किती असतं? लघवीचं काही?

सायली_स:
तुम्ही विचारल्यावर आज नीट पाहिलं. दोन्ही हात छान हलतात! पाय मात्र फाकवून टाकतात, पंजे बाहेरच्या बाजूला. बोटांची हालचाल मला दोन्हीकडे सारखी वाटली. लघवी लागली की थांबवत नाही, कधी कधी बाथरूमपर्यंत पोचत नाहीत. ते वयामुळे असेल असं वाटून आम्ही कुणाला सांगितलंच नव्हतं.

नीता_फिजिओ:
हे आवर्जून सांगा, आणि सगळं एकत्र सांगा. चाल एका डॉक्टरकडे आणि लघवी दुसऱ्याकडे, असं झालं तर दुवा हातातून निसटतो.

पाय फाकलेले, फरशीला चिकटल्यासारखे, पण हात मोकळे. अशी चाल मेंदूतल्या पोकळ्यांमध्ये पाणी साठून त्या फुगल्या तर दिसते. त्याला नॉर्मल प्रेशर हायड्रोसिफॅलस म्हणतात. १९६५ मध्ये हकीम आणि ॲडम्स यांनी त्याचं वर्णन केलं. चाल, लघवी आणि विसरभोळेपणा ही तिन्ही लक्षणं त्यात येतात, पण एकदम येतीलच असं नाही, बऱ्याचदा चाल आधी बिघडते. मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या आजारातही जवळपास अशीच चाल होते, त्यामुळे एमआरआयशिवाय कुणी ठाम बोलू नये, मी तर नाहीच. डॉक्टरांना शंका आली तर कमरेत मणक्यांमधून हेच पाणी ३० ते ५० मिलिलिटर काढून आधीची आणि नंतरची चाल मोजतात. फरक पडला तर शंट, म्हणजे साठलेलं पाणी वाहून नेणारी बारीक नळी, बसवून सुधारणा होण्याची आशा असते. वृद्धांच्या चालीच्या ज्या थोड्या आजारांत एवढं करता येतं त्यांतला हा एक, म्हणून मी इतकं लिहितेय.

तोल जातो त्याचीही नोंद करा: कुठल्या दिशेने, काय करताना. पार्किन्सन्समध्ये पडणं सहसा उशिरा सुरू होतं. पहिल्याच वर्षात पडायला लागले, तर त्यामागे दुसरं काही आहे का हे डॉक्टर तपासतात.

प्रवासी_१२:
मध्येच विचारतो, माफ करा. आईचा एकच पाय लोंबतो, चप्पल निसटते, गुडघा उंच उचलून चालते. हाही मेंदूचाच प्रकार?

नीता_फिजिओ:
बहुधा नाही. पाऊल वर उचलणारे स्नायू कमजोर झाले की असं होतं. गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला हाडावरून जाणारी नस दबली असेल, किंवा कमरेतली. फार वेळ मांडी घालून किंवा उकिडवं बसणं होतं का, ते विचारा. पाऊल आतल्या बाजूला वळवायची ताकद शाबूत असेल तर संशय गुडघ्याकडच्या नसेवर जास्त जातो. या आठवड्यातच दाखवा. पण हे अचानक झालं असेल, सोबत तोंड वाकडं किंवा बोलणं अडखळत असेल, किंवा दोन्ही पाय लुळे पडून लघवी अडली असेल, तर वेळ घेत बसू नका, आत्ताच्या आत्ता हॉस्पिटल गाठा.