रात्री-अपरात्री प्राण्यांचा डॉक्टर: तुम्ही कसा निवडलात?

मंजुळा_कोथरूड

घरात कुत्रं-मांजर आहे आणि नेहमीचे डॉक्टर ठरलेले आहेत, अशी मंडळी इथे भरपूर आहेत. पण त्या डॉक्टरांचं शटर रात्री नऊला खाली येतं आणि रविवारी दुपारनंतर फोन लागत नाही. मग काय करायचं? नकाशावर शोधलं तर '२४ तास' लिहिलेले दवाखाने ढिगाने दिसतात. त्यातल्या नक्की कुठे रात्री दोनला डॉक्टर भेटतो, हे तिथे जाऊन आलेल्यालाच माहीत. म्हणून हा धागा.

तातडीच्या वेळेसाठी तुम्ही डॉक्टर कसा निवडलात, काय विचारलंत, काय बघितलंत, ते लिहा. डॉक्टरांचे खासगी नंबर टाकू नका आणि तक्रार असेल तर नाव नको, नाहीतर धाग्याचा आखाडा होतो. गाव, प्राणी, दुखणं लिहा, तेच जास्त उपयोगी पडतं.

मी स्वतः नवीन दवाखान्याला दिवसाढवळ्या फोन करते आणि एकच विचारते: रात्री तुमच्याकडे प्रत्यक्ष कोण असतं? डॉक्टर असतात, डॉक्टर फोनवर असतात, की फक्त पिंजरे धुणारा मुलगा झोपलेला असतो? तिन्हींच्या दारावर पाटी एकच असते. समोरचा उत्तर देताना किती अडखळतो, त्यातही बरंच कळतं.

बोक्याची_मावशी

मंजुळा, अगदी याच प्रश्नाने आमचं घोडं अडलं होतं. बोका नसबंदी झालेला, खाणं सगळं कोरडं, पाण्याचा कंटाळा. एका संध्याकाळी सारखा ट्रेमध्ये जाऊन बसायला लागला. जोर करायचा, ओरडायचा, उठायचा, पुन्हा बसायचा. सासूबाई म्हणाल्या, पोट साफ होत नसेल, एरंडेल दे. पण ट्रेमधली माती कोरडी ठणठणीत होती, म्हणजे लघवीच अडली होती.

नर मांजराचा मूत्रमार्ग फार अरुंद असतो, बारीक खडे किंवा चिकट साका अडकला की तो बंद होतो. मग रक्तात पोटॅशियम चढतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. एक-दोन दिवसांत मांजर जातं. हे सगळं मला नंतर कळलं, तेव्हा फक्त तो ओरडत होता.

पहिल्या ठिकाणी पाटी '२४ तास'. आत एक मुलगा, त्याने फोन लावला, पलीकडून डॉक्टर म्हणाले पोटदुखीचं इंजेक्शन दे आणि सकाळी बोलाव. आम्ही सुई टोचून न घेता निघालो. गाडीत बसूनच पुढच्या ठिकाणी फोन केला. तिथल्या बाईंनी उलट मलाच विचारलं: नर आहे का, शेवटची लघवी कधी बघितली, उलटी झाली का? मग म्हणाल्या, 'आणा. आधी पोटॅशियम बघू, मग भूल देऊन कॅथेटर घालावा लागेल, दोन-तीन दिवस ठेवून घ्यावं लागेल.' खर्चाचा अंदाजही तेव्हाच सांगितला. पोचल्यावर त्यांनी पहिल्यांदा त्याच्या पोटाखाली हात घातला आणि माझा हात धरून तिथे ठेवला. मूत्राशय मोसंबीएवढं, टणक.

तेव्हापासून माझी फूटपट्टी ही आहे. फोनवर 'आणा, बघू' एवढंच म्हणणारा आणि फोनवरच नेमके प्रश्न विचारणारा, यात दुसरा निवडायचा. भले तो वीस मिनिटं लांब का असेना.

चहाबाज

बापरे. वाचतोय. आमच्याकडेही बोकाच आहे, आज ट्रे नीट बघतो.

कातळावरचा

देवगड तालुका. आमच्याकडे '२४ तास' वगैरे काही नाही, आहेत ते गुरांचे डॉक्टर. आणि इथली इमर्जन्सी म्हणजे बहुतेक वेळा फुरसं. जांभ्याच्या गडग्यात, म्हणजे दगडी कुंपणात, हात घालावा तर तिथे फुरसं, कुत्र्याने नाक घालावं तर तिथेही तेच.

म्हणून मी डॉक्टर निवडला तो पावसाआधी एक प्रश्न विचारून: सर्पदंशाची लस तुमच्याकडे आत्ता आहे का? एकाने सांगितलं, लागली की मागवू. दुसऱ्याने कपाट उघडून कुप्या दाखवल्या, वरची तारीखसुद्धा दाखवली. आपल्याकडे माणसाला देतात तीच लस कुत्र्यालाही देतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, चारांवर मिळून एकच. पावडरची कुपी असेल तर फ्रीज नसला तरी चालतं, त्यामुळे 'आमच्याकडे ठेवायची सोय नाही' ही सबब मला पटत नाही.

श्रावणात आमच्या काळूला तोंडावर चावलं. थोबाड सुजून डोळा बंद. डॉक्टरांनी काचेच्या नळीत थोडं रक्त घेतलं आणि नळी खिडकीच्या कट्ट्यावर उभी करून ठेवली. वीस मिनिटं कोणी हात लावायचा नाही. मग तिरकी केली तर रक्त पाण्यासारखं वाहिलं, गोठलंच नव्हतं, म्हणजे विष भिनलं होतं. मग लस. कुपीत पाणी सोडून ते ती हलवत नव्हते, दोन्ही तळव्यांत धरून हळूहळू फिरवत होते. हलवली तर फेस होतो म्हणाले. मी आपला घाईवर आलेला, आणि हे शांतपणे कुपी फिरवतायत! काळू वाचला. डोळ्याखाली केस नाहीत तेवढे.

गावठी औषध, चिरा मारणं, घट्ट बांधणं यातलं काही करू नका. जनावर चालवत नेऊ नका, उचलून न्या.

दादर_टीटी

मुंबईकरांना वाटतं आपल्याला काय, सगळं जवळ आहे. परळला बाई साकरबाई पेटिट रुग्णालय आहे, त्याच आवारात १८८६ पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि २०२४ पासून महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं मोठं रुग्णालय झालं आहे. पण कांदिवलीहून संध्याकाळी सातला परळ गाठून दाखवा! म्हणून आमच्याकडे दोन नावं आहेत. दिवसा-संध्याकाळी जवळचं, रात्री अकरानंतर मोठं. रस्ता मोकळा असतो तेव्हा लांबचंच जवळ पडतं.

दोन्हींची गरज का, ते सांगतो. आमचा जर्मन शेफर्ड जेवणानंतर येरझारा घालायला लागला. उलटीची उबळ येतेय पण बाहेर फक्त फेस, पोट डाव्या बाजूने ढोलासारखं फुगलेलं. मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्यांत जठर फुगून स्वतःभोवती पिळा खातं आणि मग खेळ तासांचा असतो. जवळच्या डॉक्टरांकडे ऑपरेशनची सोय नव्हती आणि त्यांनी ती आहे असा आवही आणला नाही. बाजूचे केस कापले, जाड सुई घालून गॅस काढला, सलाईन लावलं आणि मोठ्या ठिकाणी स्वतः फोन करून सांगितलं, 'पेशंट निघालाय, टेबल तयार ठेवा.' शेरू त्या फोनमुळे वाचला असं मी मानतो. ज्या डॉक्टरला आपली हद्द कुठे संपते ते माहीत आहे आणि पुढे कोणाला फोन करायचा तेही माहीत आहे, त्याचं नाव यादीत सगळ्यात वर.

घाटावरचा_पैलवान

सगळं खरं, पण हे शहरी लाड झाले. आमच्या तालुक्यात एक डॉक्टर, त्याच्यावर शे-दीडशे म्हशी. तो रात्री म्हैस अडलीय म्हणून गेला की तुमच्या पग-बिगला कोण बघणार? निवडायला दोन असावे लागतात ना.

गुरांचा_डॉक्टर

पैलवान, बरोबर बोललात. मी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात आहे, जिल्हा सांगत नाही. १९६२ या नंबरवर येणारं फिरतं पथक मुळात गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्यांसाठी आहे. कुत्र्या-मांजरासाठी मध्यरात्री ते दारात येईल हे गृहीत धरू नका.

पण एकच डॉक्टर असला तरी एक गोष्ट निवडता येते: समोरचा खरंच डॉक्टर आहे की नाही. १९८४ च्या कायद्याप्रमाणे पशुवैद्यक परिषदेत नोंदणी असलेल्यालाच हा व्यवसाय करता येतो. नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. प्राण्यांच्या दुकानात काउंटरमागून सुई टोचणारे 'सर' मी पुष्कळ पाहिलेत, आणि त्यांनी बिघडवलेल्या केसेस पहाटे माझ्याकडे येतात.

आता टेबलाच्या अलीकडून थोडं. रात्री फोन केलात तर आधी रडू नका, आधी वजन सांगा. मग वय, काय झालं, कधीपासून, हिरड्यांचा रंग कसा आहे. गुलाबी की पांढऱ्या-निळसर, एवढं पुरे. विष खाल्लं असेल तर पुडी, डबी, जे असेल ते सोबत आणा. उंदराचं औषध म्हणून दोन अगदी वेगळ्या गोष्टी मिळतात. एकीने रक्त गोठणं बंद होतं, लक्षणं काही दिवसांनी दिसतात आणि के-१ जीवनसत्त्व हा उतारा आहे. दुसरी झिंक फॉस्फाइड, तिला उतारा नाही आणि तिचा गॅस आम्हालाही लागतो. पुडी नसेल तर आम्ही अंधारात चाचपडतो. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. आणि मांजराला ताप वाटला म्हणून पॅरासिटामॉल देऊ नका, अर्ध्या गोळीनेही मांजर मरतं.

शेवटी एक रडगाणं गातो. एकट्या डॉक्टरने रात्री फोन उचलला नाही म्हणून त्याला एक तारा देऊ नका हो. त्यालाही सकाळी ओपीडी असते.

मंजुळा_कोथरूड

डॉक्टर, हे फारच उपयोगी. 'आधी वजन सांगा' फ्रीजवर लिहून लावते.

उन्हाळी_नागपूर

आमच्याकडे मे महिन्यात प्रश्न वेगळा: दवाखान्यात वीज गेली तर काय? चपट्या नाकाचा पग, उष्माघात, जीभ जांभळी. पोचलो तेव्हा तिथे लोडशेडिंग, इन्व्हर्टरवर एक पंखा, ऑक्सिजनचं यंत्र बंद. सिलिंडर होता म्हणून निभावलं. आता जनरेटर आहे का आणि ऑक्सिजन सिलिंडरचा की यंत्राचा, हे आधी विचारून ठेवलंय. हो, बर्फाच्या पाण्यात बुडवू नका, साधं पाणी आणि वारा.

लीड्सची_माई

इकडे ब्रिटनमधलं थोडं. इथे प्रत्येक पशुवैद्याने रात्री-अपरात्री प्राथमिक उपचार आणि वेदना कमी करण्याची सोय उपलब्ध ठेवायची, असा त्यांच्या रॉयल कॉलेजचा नियमच आहे. ऐकायला छान, पण त्याचा अर्थ तुमचेच डॉक्टर रात्री भेटतात असा नाही. बरेच दवाखाने रात्रीचं काम दुसऱ्याच संस्थेकडे सोपवतात. नोंदणी करतानाच विचारावं: रात्री आम्हाला कुठे पाठवता, आणि आमच्या मांजराचे कागद तिथे दिसतात का? आमचं रात्रीचं ठिकाण शहराच्या दुसऱ्या टोकाला निघालं. नुसत्या तपासणीची फी ऐकून आमचे हे म्हणाले, विमा काढला ते बरं झालं.

पैसे_आधी

पैशांवरून विषय निघालाच आहे तर. रात्री तीनला कुत्रं टेबलावर आणि काउंटरवरचा म्हणतो आधी अनामत भरा. माणुसकी आहे की नाही? माझं तर तिथेच डोकं फिरलं.

दादर_टीटी

राग समजू शकतो. पण उपचार करून घेऊन पसार होणारे, आणि कुत्रं तिथेच सोडून जाणारे, यांच्या गोष्टी कुठल्याही मोठ्या दवाखान्यात ऐका. मला अनामत चालते, अंदाजपत्रक लेखी हवं. ते मागितल्यावर जो चिडतो त्याच्याकडे मी पुन्हा जात नाही.

लॅब्राची_आई

एक मुद्दा राहिला: रक्त. गोचीडतापाने आमच्या लॅब्राच्या प्लेटलेट्स पार तळाला गेल्या, हिरड्यांतून रक्त. डॉक्टर म्हणाले रक्त द्यावं लागेल, कुत्रा आणा! मला आधी कळेचना, कुत्रा तर समोर आहे. मग उलगडलं की रक्तदाता आपणच शोधायचा. तो तब्येतीने दणकट, पंचवीस किलोच्या वरचा, लसी पूर्ण झालेला हवा. खालच्या मजल्यावरचा रॉकी आला, बिस्किटावर खूश होऊन मान पुढे करून बसला. कुत्र्याला पहिल्यांदा रक्त देताना सहसा फारसं बिघडत नाही म्हणाले, मांजरात मात्र गट तपासल्याशिवाय द्यायचंच नाही. ज्या दवाखान्याकडे रक्तदात्या कुत्र्यांची यादी आहे, तो रात्रीसाठी एक पायरी वरचा.

सोलापुरी_चादर

मंडळी, धाग्यात घुसतोय, माफ करा. आत्ता गरज आहे. ससा सकाळपासून काही खात नाही, कोपऱ्यात बसलाय, लेंड्याही नाहीत. डॉक्टर उद्या या म्हणतात. थांबू का?

गुरांचा_डॉक्टर

थांबू नका. सशाचं पोट चालत राहिलंच पाहिजे, दहा-बारा तास खाणं बंद म्हणजे इमर्जन्सीच. सोलापुरात फोन करताना 'सशाच्या केसेस बघता का' असं स्पष्ट विचारा, कारण सगळेच बघत नाहीत. आणि पारख करायची असेल तर, तोंडाने अमॉक्सिसिलिन देऊ म्हणाले तर दुसरीकडे जा, सशाला ते चालत नाही. तोवर ऊबेत ठेवा, जबरदस्तीने भरवू नका.

सोलापुरी_चादर

दुसऱ्या ठिकाणी बाईंनी उचलला. ससे बघतात, वजन विचारलं आधी! निघतोय. कालच्या लेंड्या पिशवीत घेऊन जाऊ का?

गुरांचा_डॉक्टर

घेऊन जा. आणि रोज काय खातो ते सांगा, गवत किती, गोळ्यांचं खाणं किती.